लेखकांच्या रांगेत मावशी

३ मार्च
यादी! प्रमोशनच्या अर्जाला आजवरच्या सगळ्या पेपरांची यादी जोडायची आहे. आमच्या विभागप्रमुख म्हणाल्या, "पंधरा तारखेपर्यंत, आणि हो, वर्षवार." बावीस वर्षांत एकेचाळीस पेपर. विषय एकच – म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारे लोक एकमेकांशी कसं जमवून घेतात. नवरा यादी चाळून म्हणाला, "एकजुटीवर एकेचाळीस पेपर, आणि भांडी घासायला मी एकटा!" तोंड कुठे लपवू? फडकं घेऊन पुसायला लागले, झालं.

४ मार्च
एक पेपर दोनदा मोजला होता. चाळीसच. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

६ मार्च
आज 'उभी बैठक'वाला पेपर काढला. लोक मला ओळखतात ते याच्याचमुळे. एका वृद्धाश्रमात पाळी बदलताना नर्स, स्वयंपाकीण, आया, सगळ्यांनी दहा मिनिटं उभं राहायचं, प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, की चालू पडायचं. वर्षभरात आजी-आजोबांचं पडणं तिसऱ्या हिश्शाने कमी झालं! केवढं कौतुक झालं तेव्हा.

पण ही बैठक सुरू कोणी केली? मी नाही. तिथल्या आया – मावशी – त्यांनी. "खुर्चीत बसलं की माणूस वाहवत जातो, उभ्याने बोला," हे वाक्यही त्यांचंच. मी ते जसंच्या तसं उचललं. आणि शेवटी काय छापलं? 'सर्व कर्मचाऱ्यांचे आभार.' बस्स. अकरा वर्षांत एकदाही टोचलं नाही, आज टोचलं.

७ मार्च
दशांशला फोन केला. त्या पेपरचे आकडे त्याचेच. हे टोपणनाव मी ठेवलेलं, कॉलेजात एकत्र होतो तेव्हापासून.
"अगं, अकरा वर्षांनी? कोण विचारतंय?"
"मीच विचारतेय."
"बरं बाई."
त्याच बैठकीवरचा आम्हा दोघांचा नवा पेपर आता छापायला जायचाय. त्यात मावशींचं नाव लेखक म्हणून घालायचं ठरलं. हलकं वाटलं. खूप.

९ मार्च
वृद्धाश्रमात जाऊन आले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. केस पार पांढरे, हात मात्र तसेच भराभर चालतात. खिडकीतले एक आजोबा दर दोन मिनिटांनी विचारत होते, "जेवण झालं का?" आणि मावशी दर वेळी नव्याने सांगत होत्या, "आत्ताच झालं की बाबा, दोनदा वाढून घेतलंत." आवाजात कंटाळा औषधालाही नाही.

मी सगळं कबूल केलं. चुकलं म्हटलं. त्या हसल्याच!
"नाव घालू ना मावशी?"
"घाला की. पण आधी काय लिहिलंय ते वाचू द्या. न वाचता सही करू नये, आईने शिकवलंय."
दोन्ही पेपर ठेवून आले. भाची शिक्षिका आहे, ती मराठीत सांगेल म्हणाल्या. निघताना चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं – "आलाच आहात तर धरा."
सोळा चादरी. मजा आली.

१२ मार्च
अर्ज भरून तयार. फक्त सही राहिलीय. नवऱ्याने चहा आणून दिला, मी कप धुतला. घरात शांतता नांदते आहे!

१४ मार्च
मावशींचा फोन. "मॅडम, सगळं वाचून घेतलं. छान लिहिलंय हो. पण पडणं काही बैठकीने कमी झालं नाही. बैठक सुरू झाली त्याच महिन्यात आम्ही आयांनी सगळ्यांच्या सैल सपाता काढून घेतल्या, टाचेला पट्टा असलेल्या दिल्या."
"मावशी, हे तेव्हा सांगितलं का नाही?"
"तुम्ही बैठकीचं विचारत होतात. सपातांचं कुणी विचारलंच नाही."
दशांशला सांगितलं. तो म्हणाला, "आपण आकडे पाहिले गं, पाय पाहिलेच नाहीत."
नवा पेपर पाठवायचा रद्द केला. जुन्याच्या संपादकांना चूक कळवली. आता सपातांवर पहिल्यापासून लिहायचं – पहिली लेखिका मावशी, मी दुसरी.