अकरा नंबरच्या खाटेवरून दुपारच्या रेकॉर्डींची वाटणी

मी, शेषराव डोमाजी तायडे, वय चोवीस (आई पंचवीस सांगते), शिक्षण सातवी, धंदा लग्नाकार्यात लाऊडस्पीकर वाजवणे, राहणार जिथे पंगत उठेल तिथे, अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात खाट नंबर अकरावर उताणा पडून, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. उद्या सकाळी दहाला माझ्या अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. आठ वर्षे लाऊडस्पीकरची बॅटरी उचलून आतडे जागेवरून उतरले. डॉक्टर म्हणतात, मामुली काम आहे. मामुली आहे तर कागदावर माझी सही कशाला घेतली? म्हणून मीही एक कागद करतो. कोणाची जबरदस्ती नाही. दारू प्यालेलो नाही, मिळणारही नाही.

शेजारच्या खाटेवर बाळापूरचे नत्थुजी आहेत. बैलगाडीवरून पडून पाय मोडलेला.

"काय लिहून राहिला बे?"

"मृत्युपत्र."

"तुह्याजोळ हाय काय वाटाले?"

"सत्तावीस रेकॉर्डी हायेत. अन् चावीचा फोनो."

"मंग दोन साक्षीदार पायजेत. दोघायनं तुले सही करताना डोयानं पाह्यलं पायजे. एक मी. दुसरा कोन?"

दुसरा माझा मोठा भाऊ देवमन. हा सगळा कागद त्याच्यासाठीच आहे, हे आत्ताच लिहून टाकतो. दादा पंधरा महिन्यांपासून माझ्याशी बोलत नाही. मी दवाखान्यात आहे हे आईने त्याला तीनदा सांगितले, तरी आला नाही. पण दादा सरकारी कचेरीत बाबू आहे. रस्त्यात पडलेला कोरा फॉर्म दिसला तर तो त्यावर तारीख घालील, असा माणूस. म्हणून सकाळीच माझा अकोल्याचा भागीदार गोवर्धन याच्या हाती चिठ्ठी दिली: 'एका कागदावर साक्षीदाराची एक सही कमी आहे.' बाकी एक अक्षर नाही. भेटीची वेळ चार ते सहा.

कलम एक. फोनो आणि दुपारच्या नऊ रेकॉर्डी कौशल्या वहिनीला द्याव्या. साक्षीदाराला काही ठेवू नये असे नत्थुजी म्हणतात, म्हणून दादाला काही नाही. वहिनीने रविवारी दुपारी लावल्यावर त्याच्या कानात काही गेले, तर तो कायद्याचा विषय नाही.

कलम दोन. वहिनीलाच का, तर ती हसली होती. हे दादाचे लग्न, फ्रेजरपुरा, मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. भावाचे लग्न म्हणून भाडे घेतले नाही, हे नमूद असावे. पांढऱ्या कपड्यांत नवरा-नवरी बसलेले, बुद्धवंदना सुरू व्हायची होती, मांडव गप्प. मला वाटले माइक बंद आहे. मी गोवर्धनला म्हटले, "पाह्य न दादा कसा बसला. जसा काही नवरीचा अर्ज नामंजूर करून राहिला." कर्णा बाभळीच्या शेंड्याला बांधलेला. अर्ध्या फ्रेजरपुऱ्याने ऐकले. दादाचे साहेब पुढे बसले होते, ते हसले. तेही खपले असते. पण नवरी हसली, पदरात तोंड घालून, वंदना सुरू होईपर्यंत. माइकचा खटका पाहायचे काम माझे होते. चूक माझी आहे. हे मी दादाला तोंडाने कधी म्हटले नाही, कारण म्हणायला गेलो की मला तो बसलेला दिसतो आणि हसू येते.

कलम तीन. रेकॉर्डी लावायची रीत. माझी इस्टेट म्हणजे हीच. बाकी कोणीही चावी फिरवू शकतो. लेबलावर इंग्रजी आहे, ते मला येत नाही, म्हणून नावे मी ठेवली आणि कव्हरावर खडूने लिहिली. जेवण झाल्याबरोबर 'टांगेवाली' लावावी. तिच्यात घोड्याच्या टापा आहेत. पोट भरलेल्या माणसाला अजून बोलायचे असते, त्याला टापांवर बोलू द्यावे. मग 'रांजण'. ही जलतरंगाची. अकोल्याच्या मे महिन्यात ही लावली की दारावर कोणी वाळ्याचा पडदा भिजवून टांगल्यासारखे वाटते. तिसरी 'मावशी'. तोंडात पान धरून गाते, शब्द एक कळत नाही. दुपारच्या गाण्याचे शब्द कळू नयेत. कळले की माणूस विचार करतो आणि झोप जाते. कव्वाली चारच्या आत मुळीच नाही. मूर्तिजापूरला मी एकदा दीडला लावली, तर झोपलेले वऱ्हाडी उठून टाळ्या वाजवू लागले आणि परत जेवायला मागू लागले. मुलीचा बाप मला शोधत आला. मी कर्ण्यामागे होतो. पण ते राहू द्या, मुद्दा चावीचा. शेवटच्या रेकॉर्डीला चावी अर्धीच द्यावी. गाणारी बाई हळूहळू पुरुषाच्या आवाजात जाते, मग म्हशीच्या, मग थांबते. तेव्हा कोणी "चावी दे" म्हटले नाही, तर समजावे मांडव झोपला. आपणही झोपावे.

कलम चार. शेंदूरजनाघाटचे संत्रावाले खुशालराव यांस चार वाकड्या रेकॉर्डी. पोराच्या लग्नात त्यांनी आपली नवी मोटारसायकल सावलीत लावली आणि माझी रेकॉर्डींची पेटी उन्हात काढली. चारही रेकॉर्डींच्या ताटल्या झाल्या. त्यांत त्यांनी ठेचा-कांदा वाढून घ्यावा. मधोमध भोक आहे, कढी घेऊ नये.

कलम पाच. उरलेल्या रेकॉर्डी व सुयांची डबी गोवर्धनला. लाऊडस्पीकर त्याचाच आहे. एक सुई तो वीस वेळा वापरतो, ते बंद करावे. आणि माइकचा खटका आता त्याने पाहावा.

साडेचार झाले. दादा नाही. नत्थुजी म्हणतात, "आज नाई येत थो." मी म्हटले, दोन सह्यांशिवाय कागद कच्चा राहील. ते म्हणाले, "कागदाचं मले नोको सांगू."

सव्वापाच. आला आहे. डोक्यावर टोपी, हातात छत्री, खाटेच्या पायथ्याशी उभा. हे मी त्याच्यासमोरच लिहितो आहे, कारण मान वर करायची हिंमत नाही.

"बस न दादा."

"बसाले नाही आलो. कागद दाखव."

सगळा वाचला. कलम दोनपाशी थांबला, परत वरून वाचला. त्याचे वाचून झाल्यावर कागद परत घेतला आणि पुढचे लिहितो आहे.

नत्थुजी म्हणाले, "बाबूसाहेब, सकायपासून तुमच्याच वाटेले डोये लावून हाय पोट्टा."

"हे अर्ज नामंजूरचं काहून लिहिलं बे परत? मोहल्ल्यानं ऐकलं, आता कोर्टानंही वाचाचं काय?"

"खोडू काय?"

"मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही," असे म्हणून दादाने छत्री खाटेला अडकवली, खिशातून स्वतःचे पेन काढले आणि बसला.

वरचा मजकूर माझ्या अक्षरात आहे. मला वाचता येते, म्हणून कोणी वाचून दाखवलेला नाही. दोघांच्या डोळ्यांसमोर सही करतो.

शेषराव डोमाजी तायडे
अमरावती, रविवार, तारीख १९ मे १९६३

साक्षीदार एक: नत्थुजी, मुक्काम बाळापूर. (पाय मोडला आहे, हात नाही. सही केली.)

साक्षीदार दोन: देवमन डोमाजी तायडे. सदर इसमाने माझ्यासमक्ष सही केली. कलम तीनमधील यादी अपुरी आढळली. कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत समोरच्या हॉटेलातील रेडिओवर एक बासरी लागते, ती दुपारसाठी योग्य असून तिची नोंद नाही. तिची रेकॉर्ड कोणती हे मला ठाऊक नाही, परंतु चाल पाठ आहे. उद्याची किरकोळ रजा कालच टाकली आहे. ऑपरेशननंतर सदर इसम शुद्धीवर आल्यावर ती मी स्वतः गुणगुणून दाखवीन. टाके ताजे असल्याने त्याने हसू नये.