विकलेल्या गोऱ्ह्याचं दावं

अप्पा, माझ्या नातीला शाळेनं शेतीदिनासाठी कोंबडीचं पिल्लू पाळायला सांगितलंय. ती नाचतच घरी आली आणि मी उगाच तिच्यावर खेकसले. राग तुमचा होता, निघाला तिच्यावर. म्हणून लिहायला बसले.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा मिळाला, पाऊस तेवढा मिळाला नाही, असं तुम्ही गिऱ्हाइकांना हसत सांगायचात. नव्या जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून सुट्टीनंतर शाळेत शेतीदिन ठरला. ज्या मुलाचं जनावर सगळ्यात चांगलं, त्याचा पहिला नंबर. मी आपल्या गाईचा तांबडा गोऱ्हा मागितला. तुम्ही म्हणालात, पहिला नंबर आण, मग तो घरचाच, विकणार नाही. त्या एका शब्दावर मी अख्खा उन्हाळा काढला. दुकानात सरकीच्या पेंडीची पोती थप्पीला लागलेली, पण मूठभर मागितली तर पेंड विकायला असते म्हणायचात. मी माझी अर्धी भाकरी त्याला घालायचे. आई बघायची आणि माझी भाकरी जरा मोठी थापायची. मी हापशावर निघाले की गोऱ्हा मागे मागे यायचा.

नंबर आला. साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला तर त्यानं तो खाऊनच टाकला. मंडप हसला, मीही हसले. तेवढ्यात तुम्ही उदगीरच्या व्यापाऱ्याला घेऊन आलात. विकणार नव्हता ना, मी विचारलं.

"नंबर आला म्हणून तर गिऱ्हाईक आलं," तुम्ही म्हणालात. "रडू नकू. दुसरं आलं की इसरशील."

टेम्पोत तो चढेना. तुम्ही मला पुढे केलंत. मी फळीवरून वर गेले, तो मुकाट माझ्यामागे चढला, आणि तुम्ही मला बाजूनं उतरवून घेतलंत.

विकलेल्या जनावराचं दावं आपल्यात देत नाहीत. व्यापाऱ्यानं आपली दोरी बांधली आणि आपलं दावं तुम्ही माझ्या हातात दिलंत. वाटेत मी विचारलं, हे का ठेवायचं? दावं घरी असलं की जनावर मागं येतंय, म्हणालात. गोठा रिकामा राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं, आपलाच गोऱ्हा परत येणार. मला तसं वाटतंय हे तुम्हाला कळलं होतं, अप्पा. मी रोज त्याची जागा झाडून घमेल्यात पाणी ठेवायचे आणि तुम्ही ते दुकानात रंगवून सांगायचात. मीठ-मिरची घ्यायला आलेला माणूसही विचारायचा, आला का गं तुझा गोऱ्हा? तुम्ही तराजूमागून माझ्याकडे बघून हसायचात. ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही. सांगून टाका की पोरीला, असं आई एकदा म्हणाली. कळंल आपोआप, म्हणालात.

येळवशीच्या अमावास्येला रानात पूजेला जायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही एक काळं वासरू आणलंत आणि त्याच दाव्यानं बांधलंत.

"घे, आलं बघ."

हा तो नाही, मी म्हणाले.

"जनावर ते जनावर. हळदकुंकू लाव."

मी लावलं नाही. चारचौघांत तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. त्यानंतर लग्न होऊन जाईपर्यंत मी गोठ्यात पाय ठेवला नाही, अशी माझी ख्याती झाली. हट्टी हाय, बापावर गेली, असं तुम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचात. मीही मान ताठ ठेवून ऐकायचे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तर तेवढं लिहूनच टाकते. तुम्ही दुकानात गेलात की मी गोठ्यात जायचे. काळ्याला भाकरी घालायचे, त्याचा गळा खाजवायचे. तो माझी वाट बघायला लागला होता आणि मला ते आवडायचं. तांबड्याचं तोंड कसं होतं ते पुढची येळवस यायच्या आत मला आठवेनासं झालं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, अप्पा. तुम्ही जिवंत असता तर हे मी मेले तरी कबूल केलं नसतं.