डाग न काढता पाठवणे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा जमेल तेवढा वाकून केला आहे असं समज. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, पण मी पडलो लाँड्रीवाला, माझं कोण ऐकतो! आमच्याकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेले आठ दिवस घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नाही. कुणाचा म्हणजे हिचा. परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, काल दुधाचं पातेलं रिकामंच गॅसवर चढलं. हे सगळं झालं कपड्यांपायी, म्हणून पहिल्यापासून लिहितो. (मध्ये उठलो होतो. इस्त्री बंद केली का ते पाहून आलो. बंद होती.)

आपली चिमणी नऊ वर्षांची झाली. (आता चिमणी म्हटलं की ओ देत नाही.) तिला अभ्यासाला टेबल हवं, आणि टेबलाच्या जागेवर तिच्याच लहानपणच्या कपड्यांची पत्र्याची ट्रंक ठाण मांडून बसलेली. रविवारपर्यंत ही हलली पाहिजे, असं हिनं बजावलं. उघडून पाहतो तर झबली, फ्रॉक, लाळेरी, एकूण एक डागाळलेलं. केळ्याचे काळे डाग, डाळिंबाचे, बटणांच्या गंजाचे, आणि काही तर कशाचे ते मलाही सांगता येईना. आपल्याला तरी हे कपडे कुठे लागणार, म्हणून ट्रंक उचलून कोपऱ्यावरच्या पाळणाघरात नेली. (उसण तेव्हाची.) तिथल्या बाईंनी एक फ्रॉक दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाल्या, "डाग पडलेले आम्ही घेत नाही हो. आणि तुमचं तर दुकानच आहे ना?" ताई, तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवरची शाई, तेल, रक्त काढतोय, आणि माझ्याच घरच्या ट्रंकेनं माझं नाक कापलं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे गठ्ठे बाजूला सारले. प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी टाचली, कारण आमच्या धंद्यात त्याशिवाय काहीही पाण्यात जात नाही. तेलावर खडूची भुकटी, गंजाला लिंबू-मीठ, दुधाला थंड पाणी (गरम घातलं की डाग पक्का बसतो, हे तुला किती वेळा सांगितलं आणि तू किती वेळा ऐकलं नाहीस!). केळ्यावर माझं एक खास औषध आहे, ते पत्रात लिहीत नाही. चार दिवस खपलो. एका वकीलसाहेबांचा कोट त्या गडबडीत राहिला आणि ते कोर्टात स्वेटर घालून गेले म्हणे. पण कपडे असे निघाले की दुकानदारानं काचेमागे टांगावेत! इस्त्री केली, घड्या घातल्या, कागदात बांधून घरी आणले आणि ऐटीत हिच्यापुढे ठेवले. हिनं एकेक घडी उलगडली आणि म्हणाली, "कुणाचे हो हे? गिऱ्हाइकाचं बोचकं घरी कशाला आणलंत?" चिमणीला हाक मारली. तिलाही एक ओळखू येईना. मग मी म्हटलं, थांबा, मी दाखवतो, ती पहिल्यांदा पाऊल टाकून केळ्यावर बसली तो फ्रॉक. सगळं बोचकं उपसलं. चिंध्या होत्या, पण त्यांवर लिहिलेलं होतं सतरा केळं, अठरा केळं, एकोणीस गंज. कोणतं केळं कोणत्या दिवशीचं, हे मी कुठे लिहून ठेवलं होतं!

तेव्हापासून हिचा चेहरा उतरला आहे. (तोंडानं काही बोलत नाही. उलट टेबल आल्यापासून गाणी गुणगुणते, पण मी ओळखतो ना.) कपडे पाळणाघराच्या बाईंनी दोन्ही हातांनी घेतले. आता दुकानात जाताना वाटेत पाळणाघर लागतं (पूर्वी लागत नसे, वाट जरा वाढवली आहे), आणि तिथं फाटकाशी थोडा वेळ थांबावं लागतं, घरी जाऊन हिला दोन शब्द सांगायला हवेत म्हणून. मंगळवारी एका पोरीनं आपण दिलेल्या पिवळ्या फ्रॉकवर कपभर दूध सांडलं. माझे हात असे शिवशिवले की मी फाटकातूनच "थंड पाणी, थंड पाणी" म्हणून ओरडलो. तिथल्या आयाबाई धावत आल्या, मला खुर्चीवर बसवलं आणि ते थंड पाणी मलाच पाजलं. बुधवारपासून फाटकाला आतून कडी असते. रोज कशासाठी येता, असं बाईंनी विचारलं. बायकोसाठी, असं मी खरं ते सांगितलं, तर त्या माझ्याकडे विचित्रच पाहायला लागल्या.

असो. पुन्हा इस्त्री पाहून येतो. मुलांना आशीर्वाद, भावोजींना जिन्याची आठवण.

तुझा धाकटा

ता. क. – तुझ्या शेंडेफळाच्या वेळी चिमणीचं एक दुपटं तुझ्याकडे आलं होतं. पांढरं, कडेला निळी पट्टी, मधोमध औषधाचा गुलाबी डाग. असेल तर लगेच पाठव. ओटा पुसायला घेतलं असलंस तरी चालेल. पाठवताना धुऊ नकोस, तुला ती खोड आहे. हिच्यासाठी हवंय, नाहीतर मला काय करायचंय?

ता. क. दुसरा – वन्सं, मी तुमची भावजय. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे आलं, पाकीट उघडंच होतं. चहात मीठ यांनी घातलं. पातेलंही यांनीच चढवलं. मी मजेत आहे, ट्रंक गेली आणि खोली मोकळी झाली. तेवढं दुपटं मात्र पाठवा, म्हणजे वकिलांचा कोट तरी धुतला जाईल. डाग राहिला नसेल तर थोडं गुलाबी औषध ओतून नवा पाडा. यांना काय कळतंय!

ता. क. तिसरा – ताई, पाकीट चिकटवायला पत्र परत माझ्या हातात आलं. हिनं लिहिलंय ते खरं आहे. मलाच हवंय. पण नवा डाग पाडू नकोस, मला कळेल. चिमणी तेव्हा दहा महिन्यांची होती. चार दिवस ताप उतरत नव्हता आणि औषध ओठांतून नुसतं गळून जायचं. पाचव्या दिवशी तिनं ते रागानं फुर्रकन थुंकलं, आणि डॉक्टर म्हणाले, चिडली ना, आता घाबरू नका. निम्मं दुपट्यावर उडालं, निम्मं झबल्यावर. ते झबलं ट्रंकेत अगदी वर होतं. सगळ्यांत आधी मी तोच डाग काढला, ताई. सोपा होता.