दारात कोण होतं

आई, श्रावणातल्या शुक्रवारी सुरतेतल्या उधन्याच्या खोलीत तू आम्हा बहिणींना कहाणी ऐकायला बसवायचीस. प्रत्येकीच्या मुठीत तांदळाचे दाणे. कहाणी पुरी होईपर्यंत मूठ उघडायची नाही. एकदा स्टोवरचं दूध वर येतंय म्हणून मी मधेच उठले, तर तू म्हणालीस, "जाऊ दे दूध. ती बाई अजून रानात उभी आहे, तिला तशीच टाकून उठतेस?" दूध गेलं. बाबा त्या दिवशी कोरा चहा पिऊन कारखान्यात गेले. तुला वाचता येत नव्हतं, पण कहाण्या सगळ्या पाठ. मी चौथीत शाळा सोडली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर शिकले, आणि आता इथे डिंडोलीत गल्लीतल्या बायका मला वाचणारी म्हणतात.

दुपारी त्या माझ्याकडे जमतात. साड्यांवर खडे चिकटवायचं काम आम्ही घरी आणतो. हात चालू, समोर मालिका चालू. त्या मालिकेतल्या बाईचा नवरा न सांगता निघून गेलेला. एका शनिवारी तिच्या दाराची बेल वाजली, ती उठून निघाली, आणि भाग संपला. सोमवारी त्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम. शेजारणीच्या सुनेने मोबाइलवर बघून सांगितलं, मालिका बंद केली, बघणारे कमी पडले म्हणे. "आणि आपण कोण, भिंती?" शेजारीण म्हणाली. सुनेने वाहिनीला लिहिलं, परत सुरू करा. तिथे कुठकुठल्या गावच्या बायकांनी तेच लिहिलं होतं. एकीने नुसते हात जोडले होते. एकीने लिहिलं होतं, माझ्या अंथरुणावरच्या सासूला आता काय सांगू?

समोरच्या खोलीत एक बाई राहते. तिचा नवरा धुळ्याकडे काम बघायला म्हणून गेला, तो आलाच नाही. मालिका चालू असताना ती कधी बोलत नसे. बंद झाल्यावर काही दिवस ती कामालाही बसली नाही. मग एका दुपारी आली आणि तिच्या अहिराणीत मला म्हणाली, "तुले वाचता येस ना? मंग सांग, दारमा कोन व्हतं?"

"गॅसवाला," सून म्हणाली. सगळ्या हसल्या, ती हसली नाही. मी म्हटलं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

"त्यास्नी तं गोष्ट अर्धीच टाकी दिधी. आते तू सांग."

आई, मी घाबरले. तो आला म्हणावं, तर ही उद्यापासून स्वतःच्या दाराकडे बघत बसणार. नाही म्हणावं, तर तिच्या तोंडावर दार लावल्यासारखं. तुझे जावई वारले तेव्हा तू आधीच गेली होतीस. लोक मला खूप काही सांगत होते, आणि त्यातलं काहीच मला ऐकायचं नव्हतं. मग तुझी ती रानात उभी असलेली बाई आठवली. मी म्हटलं, तिने दार उघडलं. तोच होता.

"आधी दोन थोबाडीत द्यायच्या," सून म्हणाली.

"आधी जेवू घाल गं, मग मार," तिची सासू म्हणाली.

"दिसे कसा?" समोरचीने विचारलं. मी सांगत गेले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याले लगेच घरमा नही घेवानं. पहिले इचारानं, कोठे व्हता." मग गोंदाची बाटली ओढली आणि कामाला लागली. मी तिच्यासाठी उगाच घाबरले होते.

निघताना चप्पल घालता घालता मात्र ती म्हणाली, "टीव्हीवरल्याले तं मिशी नव्हती." मिशी, भुवयांत अडकलेलं सूत, रिकामा डबा धरलेला हात, मागावरची पाळी संपवून आलेलं ते दमलेलं उभं राहणं, सगळं मी माझ्या ह्यांचं सांगितलं होतं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सगळ्या गेल्यावर मी थोडा वेळ दाराकडे बघत बसले होते.