वाचन सुरू झालं की गिरणी बंद

मी, जिला सगळी गल्ली गिरणीवाली मावशी म्हणते ती, आज शाबूत डोक्याने आणि कुणीही कान न भरता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कान भरायला ते चालू तरी हवेत. माझे गिरणीच्या घरघरीने कधीच गेले. बुद्धी जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. गिरणीमागच्या दोन्ही खोल्या मी मेल्यावर थोरल्या मुलाच्या मालकीच्या होतील. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क राहणार नाही. त्याने तिथे सुखाने राहावं आणि गिरणीच्या कारभारात नाक खुपसू नये.

२. गिरणी, मोटर, पट्टा, तराजू आणि बाहेरचं बाकडं मी मेल्यावर धाकट्या सुनेला मिळेल. अट एकच. शाळा सुटली की मुलं पुस्तकं घेऊन येतात. मूल वाचायला उभं राहिलं की गिरणी बंद करायची, आणि गोष्ट संपेपर्यंत चालू करायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पीठ घेतल्याशिवाय ते जातंय कुठे?

थोरला म्हणतो, "आई, हा धंदा आहे, शाळा नाही. आणि तुला कुठे ऐकू येतंय?" नाही येत. पण बाकड्यावरच्या माणसांचे चेहरे दिसतात. शेजारच्या शिंपिणीला अक्षरओळख नाही. तिची लेक वाचू लागली की ती पिशवी मांडीवर घेऊन लेकीकडे बघतच राहते. मला त्यात सगळं मिळतं. धाकटी सून तर एकदा गोष्ट संपल्यावरही तिच्याच नादात राहिली आणि एकीच्या गव्हात दुसरीचा मका दळून मोकळी झाली. थोरल्याने आकाशपाताळ एक केलं. मी मात्र तेव्हाच ठरवलं, गिरणी हिलाच द्यायची.

३. "पुस्तकांना पीठ लागतं" म्हणून शाळेच्या कपाटाला कुलूप घालणाऱ्या मुख्याध्यापकांना मी मेल्यावर माझा पीठ झाडायचा कुंचा द्यावा. पुस्तकं झाडावीत आणि मुलांच्या हातात द्यावीत.

४. लाजऱ्या मुलांनी जोडीने वाचावं. चुकणाऱ्याला जो हसेल त्याचं दळण सगळ्यात शेवटी.

म्हातारीला काय लिहिलंय ते कळलंच नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको. म्हणून वरचा सगळा मजकूर बाकड्यासमोर, थोरल्यादेखत, शिंपिणीच्या लेकीकडून मोठ्याने वाचून घेतला. पुढचं त्यानंतर लिहिते आहे.

मला ओठांवरून कळतं. पोरगी 'मी मेल्यावर' हे शब्द दर वेळी गाळत होती. मी तिला थांबवलं.

"लिहिलंय ते सगळं वाच."

"मावशी, मला नाही वाचवत."

"तू गाळलंस तर हे लोकही गाळतील. वाच."

तिने बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकही शब्द सोडला नाही. मग मी सही केली.

सही: गिरणीवाली मावशी
साक्षीदार: समोरचा सायकल दुरुस्तीवाला (सही), शिंपीण (अंगठा)
ठिकाण: गिरणीबाहेरचं बाकडं
दिनांक: १९ जून, शाळा सुटल्यावर