दूध सोडल्यावर

६ फेब्रुवारी

आज सकाळी मी बायकोच्या ओढणीतून बदामाचं दूध गाळलं. जुनी समजून घेतली – नवी निघाली!

बदाम रात्री भिजत घातले होते. सालं काढता काढता बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. मिक्सरमध्ये फिरवले, आणि गाळायला दोरीवरचं जे हाताला लागलं ते ओढलं. ही दारातूनच ओरडली, “अहो, परवा आणलीय ती!” पिळत होतो, पिळतच राहिलो. एवढ्या उपद्व्यापातून निघालं काय, तर पेलाभर पांढरं पाणी. चहात घातलं तर तेही फाटलं. शेवटी कोराच प्यालो.

हे सगळं कशासाठी, ते फक्त इथे लिहितो. दादाची वाचा परत येईपर्यंत दूध, दही, लोणी, तूप – दुधाचं काही म्हणजे काही तोंडात घालणार नाही, असं मी देवाला कबूल केलं आहे. मनात. आई सांगायची, नवस तोंडाबाहेर पडला की गेला. वही म्हणजे तोंड नव्हे, असं धरून चाललो आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतो. भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज पार रस्त्यापलीकडे जायचा. गेल्या महिन्यात एका सकाळी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि आवाज गेला. कळतं सगळं. ऐकतो सगळं. फक्त बोलत नाही.

९ फेब्रुवारी

दूध मी सोडलं, आणि त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळला आहे!

हिला वाटतं, डॉक्टरांनी मला काहीतरी सांगितलंय आणि मी लपवतोय. रात्री दोनदा विचारलं, “छातीत दुखतं का? खरं सांगा.” लेकीला वाटतं, मी तिच्या बाजूला आलो. ती दोन वर्षांपासून प्राण्यांपासून आलेलं काही खात नाही. तिची सगळ्यात जास्त टिंगल मीच केली आहे. आज गळ्यात पडली. “बाबा, शेवटी पटलं ना तुला!” काय सांगू? हो म्हणालो तर खोटं, नाही म्हणालो तर का ते सांगावं लागेल. खाकरलो.

त्या खाकरण्याचा अर्थ तिने हो असा घेतला. आता रोज मोबाईलवर पाककृती येतात. समोरच बसलेली असते, तरी पाठवते.

१२ फेब्रुवारी

“बाबा, मध पण नाही चालत.”

“का?”

“तो मधमाश्यांचा असतो.”

“माझं मधमाश्यांशी काही भांडण नाही.”

“तत्त्व आहे ते!”

माझ्या नवसात मधमाशी नाही! पण बोलायची सोय नाही. मधाची बाटली कपाटात गेली. खजूर भिजवून वाटून घातला.

केळ्याचा केक केला. अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात कालवायची म्हणे. कालवली. चिकट, खळीसारखं काहीतरी झालं. घातलं. बाहेरून करपला, आतून ओला. तसाच डब्यात घालून कामावर नेला. मी ट्रकच्या वजनकाट्यावर असतो, तिथे एक मिशाळ ड्रायव्हर रोज खडीचा ट्रक घेऊन येतो. खिडकीतून डोकावला. “काय राव, वीट खाताय?”

“केक आहे.”

“मग ट्रकवरच टाका, भराईत जाईल.”

मागच्या दोन गाड्यांपर्यंत हसणं ऐकू आलं.

१५ फेब्रुवारी

आज जमलं! ओट्स आधी कोरडे भाजले. पाणी उकळल्यावर घातले, एकदम नाही, थोडे थोडे. सफरचंद किसून, दालचिनी चिमूटभर, वरून भाजलेले तीळ. नारळाचं दूध अगदी शेवटी, गॅस बंद करून. आजवर ते उकळवत होतो म्हणून फाटत होतं – हे त्या पाककृतीत कुणी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

लेकीने वाटी चाटली. हीसुद्धा “बरं झालंय” म्हणाली. हिच्या तोंडून बरं म्हणजे पुष्कळ.

दादा ओट्याजवळच्या खुर्चीत बसून सगळं बघत असतो. डॉक्टरांनी त्याला दूध द्यायला सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ एकेक पेला. त्याच्यासमोर त्याचं दूध, माझ्यासमोर माझा कोरा चहा. तो माझ्या कपात बघतो. मग माझ्याकडे बघतो. कपाळाला आठी. पूर्वी ही आठी पडली की व्यापारी भाव वाढवायचे.

१७ फेब्रुवारी

दादाने आज दूध घेतलं नाही. पेला माझ्याकडे सरकवला. मी त्याच्याकडे. त्याने माझ्याकडे. बुद्धिबळ खेळतोय का आम्ही!

१८ फेब्रुवारी

तेच.

२० फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाई आज आल्या होत्या. आरसा समोर धरून दादाकडून ‘आ’ काढून घेतात. एरवी निदान हवा तरी यायची. आज तीही नाही. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “यांच्या अंगात जोर नाही हो. आवाजालाही ताकद लागते. खात नाहीत का?”

खात नाहीत का! मी पहाटे उठून खजुराचे गोळे वळतो. बदाम, खजूर, थोडा कोको, वरून खोबऱ्याचा कीस. तोंडात ठेवला की विरघळतो. दादाने एक घेतला, अर्धा चावला आणि उरलेला अर्धा माझ्या ताटलीत ठेवला. दुसरा दिला. त्याचंही तसंच. ओट्स दिले तर दोन चमचे खाऊन वाटी माझ्यापुढे. मी म्हणालो, “दादा, मी लहान आहे का आता?” त्याने मान हलवली – हो म्हणून! हसूही आलं आणि चीडही आली.

२३ फेब्रुवारी

आज त्याला आंघोळीला उठवताना काखेत हात घातले. हलका लागला. दिवसभर मी भरलेले ट्रक तोलतो, रिकामे तोलतो, फरक लिहून देतो. घरातला माणूस कधी रिकामा होत गेला ते कळलं नाही.

चिडून बोललो त्याला. “काय हवंय ते तरी दाखव! गोड नको? तिखट देऊ? मऊ नको? काय नको?” त्याने डाव्या हाताने दुधाच्या पातेल्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे. “दूध हवंय? हे घे ना मग, समोरच आहे!” त्याने डोळे मिटून घेतले. मूर्खाशी बोलतोय असा चेहरा.

माझ्या प्रार्थनेत आता एकच वाक्य उरलंय. तेही तक्रारीच्या सुरात निघतं. देवाने राग मानू नये.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो होतो. वजन बरंच उतरलंय. “असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ती एकदा घातली की बोलण्याचे व्यायाम तूर्त बाजूलाच.” दादा तिथेच बसून ऐकत होता. परतताना रिक्षात मी त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला.

संध्याकाळी लेकीने पाककृती पाठवली – रताळ्याचा चॉकलेट हलका केक. हलका! माझ्या घरात आता जड काय उरलंय, मी सोडून?

२८ फेब्रुवारी

आज सकाळी दादाने अंगठी काढली. लुळ्या हाताच्या बोटात रुतून बसलेली. डाव्या हाताने ओढत होता, निघेना. साबणाचं पाणी घेऊन आपलं आपण खटपट करत बसला होता, मी मोरीच्या दारातून पाहिलं. काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. मूठ बंद केली. वर आपला हात दाबून धरला.

माणूस निरवानिरव करतो ती अशीच. मी ओरडलो, “हे असलं काही करायचं नाही! कुठे चाललायस तू? अजून मी बसलोय!” त्याने मान जोरजोरात हलवली – नाही, नाही. पुन्हा पातेल्याकडे बोट, माझ्या कपाकडे बोट, अंगठीकडे बोट. पुन्हा तेच. मग टेबलावर हात आपटला. ओट्सची वाटी खाली. सगळी फरशी चिकट.

पुसत बसलो. कुणावर चिडावं तेही कळेना.

१ मार्च

हिने कोडं सोडवलं. हिनेच सोडवायचं होतं तर इतके दिवस का थांबली, असं म्हणालो. “तुम्ही विचारलंत का?” म्हणाली.

भाकऱ्या थापाव्या तितक्या सहज सांगितलं हिने. “अहो, भाऊजींना वाटतंय आपल्याला दूध परवडत नाही. त्यांच्या औषधांपायी तुम्ही तुमचं दूध तोडलंय असं वाटतंय त्यांना. तुम्ही पाण्यातले ओट्स खाताय, कोरा चहा पिताय, आणि त्यांना मात्र पेलाभर. कसं उतरेल घशाखाली? म्हणून तर अंगठी दिली – विका म्हणून.”

मी हातातला कप तिथेच ठेवला.

मग धावत त्याच्याकडे गेलो. दादाला खुर्चीसकट फ्रिजपर्यंत ढकलत नेलं. दार उघडलं. “हे बघ, दूध. हे दही. हे लोणी. पैसे आहेत. मला आवडत नाही म्हणून घेत नाही मी!”

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग गालात हसला. वाकडं, एका बाजूने.

ते हसू मला ठाऊक आहे. लहानपणी घरात दूध थोडं असायचं. दादा म्हणायचा, मला साय आवडत नाही, आणि माझ्या वाटीत टाकायचा. मी चाळिशीला आलो तेव्हा एका लग्नात पाहिलं – वाटीतली साय बोटाने निपटून खात होता. आता हेच वाक्य मी त्याला ऐकवतोय! ज्याने काढलं त्यालाच!

२ मार्च

दादा का खात नाही ते लेकीला कळलं. दार लावून घेऊन माझ्यासमोर बसली. “बाबा, काकांसाठी तू घोटभर घेतलंस तर मी काही म्हणणार नाही. मी काय परीक्षा घेतेय का तुझी?” डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल!

आणि मी तिच्यावरच खेकसलो. कारण सगळे मला मोकळा करायला तयार आहेत. हीसुद्धा म्हणते, प्या की. तो मिशाळ ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, “भाऊ, चहा घ्या चांगला, तोंड उतरलंय.” ज्याला शब्द दिलाय तो एकटाच काही बोलत नाही.

दादाने आज दोन चमचे पाणी घेतलं. बाकी काही नाही. डॉक्टरांचा फोन – परवा घेऊन या.

३ मार्च

देवासमोर बसलो. दिवा लावला आणि सरळ विचारलं.

दादाला सगळं सांगून टाकावं का? नवस होता म्हणून? सांगितला की गेला. आणि सांगून तरी काय – दादा या बाबतीत फटकळ. आई एकदा त्याच्या तापासाठी नवस बोलली होती, तर बरा झाल्यावर हा म्हणाला, “तुझा देव किराणा दुकान चालवतो का? एवढं द्या, तेवढं घ्या?” आई दोन दिवस बोलली नव्हती. आता मी सांगितलं तरी तो मानणार नाही. त्याला वाटेल, एक थाप फसली म्हणून दुसरी रचली.

म्हणजे शब्दाने काही होणार नाही. प्यायलंच पाहिजे.

आणि प्यालो तर? वाचा परत यायची म्हणून मी धरून ठेवलेली दोरी मीच सोडायची. उद्या तो कधीच बोलला नाही तर रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघताना मला काय वाटेल, ते मला आजच ठाऊक आहे. हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी म्हणालो, देवा, माझं दूध घे. ते दादाच्या पेल्यातून गेलं. मी सोडलं, आणि उपाशी तो राहिला. हे देवाने मागितलं नव्हतं. मीच परस्पर ठरवलं, मीच भाव लावला, मीच हातोडी मारली. समोरच्याला विचारलंच नाही.

देवाला एवढंच म्हणालो – शब्द मोडतोय. जे करायचं ते माझं कर. त्याचं नको.

उत्तर काही आलं नाही. फुलवात चरचरली, तेल कमी होतं. घातलं.

४ मार्च

सकाळी नवस मोडला.

दादाने रोजच्यासारखा पेला माझ्याकडे सरकवला. मी उचलला आणि अर्धा प्यालो, त्याच्या डोळ्यांत बघत. मग खाली ठेवला.

उरलेला अर्धा तो प्याला.