अण्णांचा निळीचा रांजण

३ नोव्हें. १९३८
रांजण मंदावला. वर तांबूस साय नाही, फेस नाही. चिंधी बुडवली, फिकट निळी निघाली, धुतली तर पांढरी. अण्णा गेल्यावर वर्षभर टिकवला, आणि आता हे. आजोबांनी केम गावाहून घागरीत आणलेल्या जुन्या रांजणाच्या पाण्यावर सुरू झालेला, कधी रिकामा केलेला नाही. गल्लीत बाकी सगळे पुडीचे रंग वापरतात. हा मेला तर परत विरजण मागायचं कुणाकडं?
धाकट्या बहिणीची, वेणूची, लग्नानंतरची पहिली संक्रांत येतेय. थोरलीला अण्णांनी यात पुन्हा पुन्हा बुडवून काळी चंद्रकळा रंगवून दिली होती, तशीच धाकटीला द्यायचं आईला कबूल केलंय. आईला अजून बोललो नाही. थंडीमुळे असेल. सोलापुरात कसली थंडी म्हणा.

६ नोव्हें.
शाळेतला मायक्रोस्कोप आणून थेंब पाहिला. जंतू जिवंत आहेत, पण नुसते बसून. माझ्या मॅट्रिकच्या वर्गासारखे.
दसऱ्यापासून मी कोंडा-गूळ बंद करून साखर घालतोय. घाण वास नको, कापडाला गाळ नको. विद्वान ना मी! अण्णा रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायचे. "आज भुकेला हाय." मी नाक मुरडायचो. ते बोट फार आठवतं. नख चितेवरही निळंच होतं.

१४ नोव्हें.
कॉलेजातल्या जुन्या प्रोफेसरांना विचारलं होतं, त्यांचं पुण्याहून पत्र. साखर म्हणजे नुसतं सरपण. जंतूंचं जे एन्झाइम नीळ विरघळवतं, त्याला बहुधा 'ब' जीवनसत्त्व लागत असावं. ते कोंड्यातून मिळत होतं. ते नसेल तर एन्झाइम असून नसल्यासारखं. खात्री नाही, करून पाहा, म्हणतात.
म्हणजे मीच उपाशी ठेवला.

१५ नोव्हें.
गव्हाचा कोंडा आणला, गूळ आणला. आईला सगळं सांगून टाकलं. ती कोंडा चाळत होती, हात थांबला नाही.
"वासावरनं दसऱ्यालाच कळलं हुतं की. तू शिकलेला. म्हटलं, काय तरी नवं करत असशील."
रडू आलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हें.
सकाळी परसात तोच जुना घाणेरडा वास. किती बरा वाटला! चिंधी हिरवट-पिवळी निघाली. आई उन्हात धरून उभी राहिली, बघता बघता निळी झाली. पक्की की कच्ची, धुतल्यावरच कळणार. मी बादली ओढली तर तिनं मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे आजचा दिस. उद्या धू."
अण्णांच्या खुंटीवर टांगली आहे. शाळेला उशीर झाला तरी तिथंच बसलोय. आई पण.